त्या संध्याकाळी फुगा सोडला नव्हता

दादा, तुझ्या पोराला माझ्याकडून चार चांगले शब्द पाहिजेत. परवा तेरावा. त्या दिवशी वाटायला आठ पानांची पुस्तिका छापतायत. वर तुझा तो कोटातला फोटो, आत तुझे मित्र, तुझे शाळामास्तर, तुझ्या विज्ञान मंडळाचे अध्यक्ष. राहुल आज सकाळी गारखेड्याला माझ्याकडं आला, चहा घेतला आणि म्हणाला, "आत्या, बाबांना सगळ्यात जास्त वर्षं ओळखणारी तूच. त्यांच्या विज्ञानप्रेमावर चार शब्द लिहून दे. जास्त नको, एक पान." मी म्हटलं, "लिहिते, पण त्याला कात्री लावायची नाय." तो म्हणाला, "तुझ्या लिहिण्याला मी कशाला कात्री लावू?" बिचाऱ्याला माहीत नाही तो कुणाला विचारतोय.

सगळे म्हणतात, शकूताई रडली नाय. नाय रडले. तुला खांद्यावर घेऊन निघाले तेव्हा बायका माझ्याकडं बघत होत्या, भाऊ गेला आणि ही बाई दाराला टेकून नुसती उभी. त्यांना काय सांगू? मला रडू येत नव्हतं, राग येत होता. असं वाटत होतं की सगळ्यांना थांबवावं, तुला उठवून बसवावं आणि म्हणावं, आधी बोल, मग खुशाल जा.

खोटं कशाला बोलू, मला आभाळात तूच पाठवलंस. गुलमंडीत खाली अण्णांचं कापडाचं दुकान, वर आपल्या तीन खोल्या. पोलीस अ‍ॅक्शन झालं त्या साली तू जन्मलास. अण्णा आल्यागेल्याला सांगायचे, "रझाकार गेले आन् हा आला." मी चार वर्षांनी आले, माझ्याबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याकडं काही नव्हतं. तू मॅट्रिक होऊन विमानतळावरच्या वेधशाळेत चिकटलास आणि सुट्टीच्या दिवशी मला सायकलवर डबलसीट तिकडं घेऊन जायला लागलास.

तुझं काम मला पाठ होतं. रबरी फुग्यात हायड्रोजन भरायचा, तोंड बांधायचं, सोडून द्यायचा. मग तीन पायांवरच्या दुर्बिणीला डोळा लावून त्याच्या मागं लागायचं. दर मिनिटाला तो किती उंच, कुठल्या दिशेला, ते दोन आकडे तू मोठ्यानं सांगायचास आणि मी तक्त्यावर लिहायचे. त्यावरून वरचं वारं कळायचं आणि त्या वाऱ्यावर विमानं उडायची. एकदा मी विचारलं, "हे दोन रकाने रिकामेच राहिले की." तू म्हणालास, "ढग आडवा आला. नाय दिसलं तर नाय लिहायचं. खऱ्या कागदावर चार-दोन रकाने रिकामे असतातच शके, भरलेले दिसले की समजायचं घरी बसून भरलेत." तू एवढं चांगलं शिकवलं नसतंस तर बरं झालं असतं.

पेपरात हवाई सुंदरीच्या नोकरीची जाहिरात आली ती कापून तूच माझ्या हातात ठेवलीस. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही, तिचं आता काय राहिलंय. अण्णा म्हणाले, "आपल्यातल्या पोरी परक्या माणसांना चहा देत फिरणार व्हय?" तू तीन दिवस जेवला नाहीस. आई ताट घेऊन मागं मागं, आणि तू म्हणायचास, "आधी शकीच्या फॉर्मवर सही." चौथ्या दिवशी अण्णांनी सही केली. गच्चीवर मला उभं करून तू इंग्रजी घोषणा घोकून घेतल्यास. शेजारच्या रहीमचाचांनी मापं न घेता मुलाखतीला घालायचं ब्लाऊज शिवलं, आणि ते बसलं. मुंबईला मुलाखतीला तू माझ्यासोबत आलास आणि बाहेर चार तास उभा राहिलास. हे सगळं मी विसरलेली नाही. म्हणून तर राग कमी होत नाही.

मग आठवड्यातून दोनदा माझं विमान मुंबईहून आपल्या गावाला यायला लागलं. संध्याकाळी उतरायचं, सकाळी परत निघायचं. दार उघडलं की पायऱ्या लागायच्या आधी माझी नजर तारेच्या कुंपणाकडं. तू तिथं उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरा रुमाल, आणि येड्यासारखा हलवायचास. मी प्रवाशांना नमस्कार करत असायचे आणि ओठ दाबून हसू आवरत असायचे. पहिल्या महिन्यातच मी विचारलं होतं, "दादा, संध्याकाळच्या फुग्याची वेळ हीच ना? मग तू इथं कसा?" तू म्हणालास, "तू येतीस त्या दिवशी फुग्याला सुट्टी." मी म्हटलं, "आन् तक्ता?" तू म्हणालास, "तक्त्याचं बघतो मी." त्या वर्षी तुझ्या जोडीदाराची जागा रिकामी होती, विचारणारं कुणी नव्हतं. मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण तू मनानं भरलेल्या वाऱ्याच्या आकड्यांवर विसंबून माणसं उडत होती आणि त्यात मीही होते.

आता ती संध्याकाळ सांगते. तुला सांगायची गरज नाही, पण परवा वाचणाऱ्यांना आहे.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. फेब्रुवारीचा महिना, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. वैजापूर मागं पडलं, विमान खाली यायला लागलं होतं. मी कॉफीचे कप परत आणायला कॉकपिटमध्ये गेले तर कॅप्टनसाहेब आणि को-पायलट दोघंही डावीकडं बघत होते. कॅप्टनसाहेब म्हणजे हवाई दलातून आलेला माणूस, पन्नाशीचा, कशानं म्हणून आवाज चढायचा नाही. ते शांतपणे म्हणाले, "शकुंतला, इकडे ये. तुला काय दिसतंय ते सांग. आम्ही काय पाहतोय ते आधी सांगणार नाही."

मला दिसलं ते मी सांगितलं. घासून लख्ख केलेली पितळी परात आडवी धरावी, तसं काहीतरी. पंख नाहीत, शेपूट नाही, धूर नाही. आमच्या बरोबरीनं चाललेलं. आम्ही खाली आलो की तेही खाली. कॅप्टनसाहेबांनी विमान थोडं उजवीकडं घेतलं, तर तेही तेवढंच सरकलं, अंतर तेच. मला भीती वाटली नाही, दादा. मला एवढंच वाटलं की ते आमच्याकडं बघतंय. चार मिनिटं. मग खुलताबादच्या डोंगरांच्या वर आल्यावर ते एकदम सरळ वर गेलं आणि दिसेनासं झालं. कॅप्टनसाहेबांनी टॉवरला कळवलं, विमान उतरवलं आणि आधी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली.

मी दार उघडलं. तू कुंपणाला होतास. पण त्या दिवशी रुमाल हलत नव्हता, तो तुझ्या मुठीत होता. मला वाटलं, विसरला असेल.

आम्ही तिघांनी अहवालावर सह्या केल्या. लपवायचं कशाला, जे दिसलं ते वर कळवायचं हा नियमच होता. बातमी कशी फुटली देव जाणे. बघणाऱ्या तिघांत दोन पुरुष होते, पण पेपरात आलं ते हवाई सुंदरीला उडती तबकडी दिसल्याचं. चार दिवसांत गुलमंडीत मला नाव पडलं. दुकानात गिऱ्हाईक यायचं, पातळ बघायच्या आधी वर बघायचं आणि म्हणायचं, "अण्णा, तबकडी घरी हाय का?" अण्णा गज हातात घेऊन नुसते उभे राहायचे. आई म्हणाली, "गप बस आता, लग्न व्हायचंय तुझं." एकटे रहीमचाचा शिवणयंत्र थांबवून म्हणाले, "तू बोली देखी, तो देखी. खतम." त्यांच्या त्या एका वाक्यावर मी ते आठ दिवस काढले.

मग चौकशी बसली. मुंबईहून तीन साहेब आले. कॅप्टनसाहेबांनी त्यांच्याकडं एकच गोष्ट मागितली, मी समोर होते. ते म्हणाले, "आम्ही वरून पाहिलं. जमिनीवरून कुणी पाहिलं का, तेवढं शोधा. जमिनीवरचा एक साक्षीदार द्या. नाही सापडला तर मी म्हणेन माझे डोळे चुकले." साहेब म्हणाले, विचारलं सगळ्यांना, कुणी नाही. आणि त्यांनी माझ्यासमोर एक कागद सरकवला. वेधशाळेचा फुग्याचा तक्ता. त्या दिवसाचा, त्या वेळेचा. म्हणाले, "बाई, हा बघा फुगा. मावळत्या उन्हात चमकला, तुम्हाला परात वाटली."

तुझं अक्षर मी लांबून ओळखलं. चाळीस मिनिटांचे चाळीस रकाने आणि एकही रिकामा नाही.

मी टेबल धरलं. ज्या चाळीस मिनिटांत तू दुर्बिणीला डोळा लावून बसला होतास असं तो कागद म्हणत होता, त्या चाळीस मिनिटांत तू कुंपणाला उभा होतास. माझ्यासाठी उभा होतास. हे जगात दोघांनाच माहीत, तुला आणि मला. मी तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथं तक्ता खोटा ठरला असता, कॅप्टनसाहेब सुटले असते, मी सुटले असते आणि तू संध्याकाळपर्यंत नोकरी गमावून घरी आला असतास. मी म्हटलं, "मला पाणी पाहिजे." बास. एवढंच बोलले.

दुपारी दुकानाच्या जिन्यात तुला गाठलं.

"दादा, तो कागद?"

"तो आधीच भरला होता शके. तू यायच्या दिवशी मी दुपारीच भरून ठेवायचो. फायलीत गेला. मला काय माहीत असं होईल?"

"मग जा आन् सांग, फुगा सोडला नव्हता."

"नोकरी जाईल. नुसती जाणार नाय, केस होईल. तुझ्या वहिनीला सातवा महिना हाय."

"आन् माझी नोकरी?"

तू जिन्याच्या भिंतीकडं बघत म्हणालास, "तुझं काय, तू पोरगी हायस. लग्न होऊन जाशील."

तीन दिवस माझ्यासाठी उपाशी राहिलेल्या माणसाच्या तोंडून हे आलं. मी त्या जिन्यात तुला मारलं असतं तर बरं झालं असतं. तू सांगशील म्हणून मी आणखी दोन दिवस वाट पाहिली. चौकशी संपली. को-पायलटनं सही मागं घेतली, म्हणाला सूर्याची तिरीप होती. कॅप्टनसाहेबांनी नाही घेतली आणि मी नाही घेतली. त्यांना सहा महिन्यांत घरी बसवलं. माझ्या कागदावर दृष्टिभ्रम लिहिला आणि मला तिकिटाच्या खिडकीत बसवलं. लोक वाकून विचारायचे, "बाई, तबकडीचं एक तिकीट मिळंल का?" दोन स्थळं येऊन परत गेली. मग मीच म्हटलं, पुरे. तीस वर्षं मी त्या खिडकीतून विमानांचा नुसता आवाज ऐकला, दादा. तू काय घेतलंस ते तुला कधी कळलंच नाही. तुला वाटलं नोकरी घेतली. मला दुसरी नोकरी मिळालीच होती की. तू माझं बघणं घेतलंस. पुढं कशाकडंही बोट दाखवलं, साधा चंद्र दाखवला तरी लोक आधी एकमेकांकडं बघायचे.

भाऊबीज मी एकही चुकवली नाही. लोकांना वाटायचं, काय बहीण-भावाचं प्रेम! दर वर्षी मी तुला पाटावर बसवलं, ओवाळलं आणि ताट खाली ठेवायच्या आधी म्हटलं, "ओवाळणीत एक ओळ दे. फुगा सोडला नव्हता, एवढंच लिही." ओवाळणाऱ्या बहिणीला भाऊ नाही म्हणत नाही. तू नाही म्हणायचाही नाहीस. तू ताटात साडी ठेवायचास. निरांजन हातात धरून मी उभी राहायचे, तेल संपत यायचं, वहिनी म्हणायची, "अहो ताई, ठेवा की आता, हात भाजंल." हात भाजायचाच. ती एकही साडी मी नेसले नाही. तुझ्या दहाव्याला सगळ्या घड्या वहिनीपुढं नेऊन ठेवल्या. तिला वाटलं, नणंदेचं मन किती मोठं. ती गळ्यात पडून रडली आणि मी तिला काही सांगितलं नाही. आज लिहिते आहे.

कॅप्टनसाहेब मला वर्षाला एक पत्र लिहायचे. तब्येत, नातवंडं आणि शेवटी नेहमी तेच, "खाली कुणी होतं का, काही कळलं?" मी लिहायचे, नाही साहेब. शेवटचं पत्र त्यांच्या मुलीनं लिहिलं, त्यांनी सांगितलेलं. त्यातही तोच प्रश्न होता. मग पत्रं थांबली.

आणि तू निवृत्त झाल्यावर काय केलंस? विज्ञानाची भाषणं! शाळाशाळांतून, अंधश्रद्धेवर. चांगली बोलायचास, पोरं खुर्चीला खिळायची. भुताचं झालं, भानामतीचं झालं की तुझा ठरलेला किस्सा यायचा, एका विमानातल्या लोकांनी वेधशाळेचा फुगा बघितला आणि परग्रहावरची तबकडी समजून कसा गोंधळ घातला. गारखेड्याच्या शाळेत तुझं भाषण होतं तेव्हा मी मुद्दाम येऊन शेवटच्या रांगेत बसले. म्हटलं, मला बघून तरी जीभ अडखळेल. तू मला पाहिलंस. एक घोट पाणी प्यालास आणि तोच किस्सा सांगितलास. तीनशे पोरं खदाखदा हसली. त्या दिवशी मी ठरवलं की तुला मी सोडणार नाही. तू आधी गेलास तरी सोडणार नाही.

गेल्या महिन्यात तुला दवाखान्यात ठेवलं. मी रोज दुपारी यायचे, तुझं डोकं चेपायचे, संत्र्याच्या फोडी सोलून द्यायचे. असलं प्रेम आणि असला राग एकाच हातात राहतो हे मला आधी माहीत नव्हतं. त्या दुपारी राहुल औषधं आणायला खाली गेला होता. तू डोळे मिटून म्हणालास, "शके, मी पण बघितलं होतं."

"काय बघितलं?"

"ते. तुझ्या विमानाच्या अंगाला. मी तारेला धरून उभा होतो. आधी तुझे दिवे दिसले, मग शेजारी ते दिसलं. मी घड्याळ लावलं. चार मिनिटं. मग डोंगरावरनं सरळ वर गेलं. फुगा असा जात नाय शके. मी हजार फुगे सोडले."

माझ्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली. मला वाटत होतं तू घाबरून गप्प बसलास. खोटा तक्ता भरला, सापडायच्या भीतीनं गप्प बसलास, तेवढं मी कधीतरी गिळलंही असतं. पण जमिनीवरचा साक्षीदार तूच होतास! साऱ्या गावात आभाळ बघायचं शिक्षण घेतलेला एकटा माणूस, घड्याळ लावून उभा होता आणि त्याच माणसाच्या कागदानं आमचे डोळे काढून घेतले. तुला माहीत होतं मला भ्रम झाला नव्हता. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तू त्या शाळेत उभा राहून पोरांना हसवलंस.

"कॅप्टनसाहेब मरेपर्यंत विचारत होते रे," मी म्हटलं. "खाली कुणी होतं का, म्हणून."

"सांगितलं असतं तर विचारलं असतं, तू दुर्बिणीजवळ का नव्हतास."

"लिहून दे आता."

"हात कापतोय."

"मग राहुल येऊ दे. त्याच्यासमोर बोल. एकदा. त्यानं ऐकलं की झालं."

तू मान हलवलीस. "त्याच्यासमोर नको शके. त्याला वाटतं बाप..." राहुल पिशवी घेऊन आत आला, म्हणाला, "काय गप्पा चालल्यात बहीण-भावाच्या?" मी तुझ्याकडं बघितलं. मी वाट बघितली, दादा. माझ्या आयुष्यात मी एवढी वाट कशाचीच बघितली नव्हती. तू भिंतीकडं तोंड केलंस. अगदी जिन्यात केलं होतंस तसंच.

मी वाकून तुझ्या कानात म्हटलं, "मग मर असाच." माझी पिशवी उचलली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी राहुलचा फोन आला.

हे मी सांगितलं नाही कुणाला. तुझ्या बहिणीचा शेवटचा शब्द तुला हा ऐकायला लागला. मागं घेऊ का? अर्धा घेते. मर म्हटलं ते मागं घेते. तू गेल्यापासून दुपारी तीनला माझे हात रिकामे होतात आणि काय करावं सुचत नाही. संत्री आणली होती, ती तशीच वाळली. काल बाजारात पांढऱ्या केसांचा एक माणूस पाठमोरा दिसला आणि मी मूर्खासारखी "ए दादा" म्हणून हाक मारली. पण 'असाच' म्हटलं ते मागं घेत नाही. तू तसाच गेलास. खरं सांगितलंस तेही कुणाला, तर मला. जिच्या शब्दाला या गावात काडीची किंमत उरली नाही आणि ज्यानं ती घालवली तो तूच. एवढं हिशोबी खरं बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

तर हे चार शब्द. राहुलनं विज्ञानप्रेमावर मागितले होते, त्यावरच लिहिलेत. त्या संध्याकाळी फुगा सोडला नव्हता. तक्ता खोटा होता. वेधशाळेच्या माणसानं जमिनीवरून तीच वस्तू चार मिनिटं पाहिली. हा माझ्या भावाच्या आयुष्यातला सगळ्यात खरा वेध आणि तो त्यानं कुठंच लिहिला नाही, म्हणून मी लिहिते.

आत्ता दिवेलागणीला राहुल पानं न्यायला आला. उभ्यानंच वाचली. एकदा वाचून परत पहिल्या पानावर गेला. मग खाली बसला. म्हणाला, "आत्या, याला पुरावा काय?"

"मी."

"लोक काय म्हणतील माहीत आहे ना तुला? आधीच तुझ्याबद्दल..."

"बोल की. भ्रमिष्ट म्हणतात."

"आणि बाबांचं नाव? ती शाळेतली पोरं, ते सगळे मास्तर लोक... लोक बाबांवरही हसतील."

मी त्याला काय सांगितलं ऐक. म्हटलं, "छापणार नसशील तर नको छापू. पानं इथं ठेव. परवा पंगत बसली, ताटं वाढून झाली की मी उभी राहीन आणि पहिल्या घासाच्या आधी सगळं वाचून दाखवीन. वहिनीसमोर, अध्यक्षांसमोर. मला कुणी बसवायला येईल तर तूच ये." त्याचे डोळे भरले होते. तुझ्यासारखेच डोळे आहेत त्याचे. मला गलबलून आलं, पण मी त्याच्या हातातून पानं काढून घेतली. मग त्यानंच हात पुढं केला, पानं परत घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. छापतो म्हणाला नाही. नाही छापत असंही म्हणाला नाही. दारात थांबून एवढंच विचारलं, "चार मिनिटं? बाबांनी घड्याळ लावलं होतं?" मी म्हटलं, "व्हय." तो गेला. मग मी दार लावलं आणि हा शेवटचा कागद लिहायला बसले. हाही सकाळी त्याच्या हातात देईन.

परवा हे सगळ्यांच्या कानावर जाणार, दादा. कागदावरून गेलं नाही तर माझ्या तोंडून जाईल. लोक हसणार. म्हातारीला लागलं होतं ते याड भावालाही होतं म्हणणार. तुझे अध्यक्ष मान खाली घालून भात कालवणार, मागं कुणीतरी हळूच तबकडी म्हणणार आणि आजूबाजूचे फिसकन हसणार. तुझ्या फोटोला सगळं ऐकावं लागणार, उठून जाता येणार नाही. मला त्या हसण्याची सवय आहे. तुला नाही. घे आता.